सहा-सहा तास पापं कबूल करूनही समाधान होईना. ‘परफेक्ट’ होण्याच्या हट्टातून मार्टिन ल्यूथर कसा सुटला?

पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. जर्मनीतल्या एर्फुर्ट शहरातल्या मठात एक तरुण संन्यासी राहायचा. कॅथलिक परंपरेत आपल्या चुका धर्मगुरूसमोर बोलून दाखवायची, म्हणजे पापकबुलीची पद्धत आहे. बाकीचे लोक पाच-दहा मिनिटांत मोकळे होऊन निघून जायचे. हा मात्र तासन् तास बसायचा. कधी कधी तर सहा-सहा तास, असं सांगितलं जातं. सगळं सांगून झालं, क्षमा मिळाली, की जाता जाता त्याला आणखी काहीतरी आठवायचं. मग परत मागे.

बरं, त्याने खून-दरोडे घातले होते असं नाही. उलट मठात त्याच्याइतका कडक शिस्तीचा माणूस शोधून सापडला नसता. तो उपास करायचा, थंडीत कुडकुडत रात्री जागून प्रार्थना करायचा. पुढे म्हातारपणी त्याने म्हटलं होतं की, मठातल्या नियमांनी कुणी स्वर्गात जाणार असता, तर पहिला नंबर आपलाच लागला असता.

त्याच्या पापकबुल्या ऐकणारे वरिष्ठ होते योहान फॉन श्टाउपिट्झ. माणूस सज्जन आणि सोशिक. पण तेही एकदा वैतागले आणि त्याला म्हणाले की बाबा रे, क्षमा करण्यासारखं काहीतरी खरं पाप घेऊन ये, ही किरकोळ खुसपटं नकोत. असा किस्सा सांगतात.

त्या तरुणाचं नाव मार्टिन ल्यूथर. पुढे 1517 मध्ये याच माणसाने चर्चच्या कारभारावर 95 मुद्दे मांडले आणि युरोपचा इतिहास बदलला. तो इतिहास आपण शाळेत ‘धर्मसुधारणा’ या धड्यात वाचतो आणि परीक्षा झाली की विसरतो. त्या धड्यात जे नसतं ते मात्र आज इन्स्टाग्रामची कॅप्शन सहा वेळा लिहून सहा वेळा पुसणाऱ्या माणसाच्या फार जवळचं आहे. कारण ल्यूथरला झालं होतं तेच आपल्याला होतंय. आजच्या भाषेत त्याला परफेक्शनिझम म्हणतात.

चांगलं काम करायची इच्छा म्हणजे परफेक्शनिझम नव्हे

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. नोकरीच्या मुलाखतीत “तुमचा दोष सांगा” म्हटलं की लोक हसत हसत “मी परफेक्शनिस्ट आहे” असं सांगतात. म्हणजे दोषाच्या नावाखाली स्वतःची तारीफ!

पण मानसशास्त्रात हा शब्द असा गोड अर्थाने येत नाही. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन संशोधकांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात माणूस स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा करतो, दुसऱ्यात इतरांकडून. तिसरा प्रकार सगळ्यात त्रासदायक. ‘लोकांना मी अचूकच हवा आहे, चुकलो तर ते मला टाकून देतील’ अशी त्यात मनाची पक्की समजूत झालेली असते.

थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41 हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र केली. 2019 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात तिन्ही प्रकार वाढलेले दिसले. पण सगळ्यात जास्त वाढला तो तिसरा, साधारण 33 टक्क्यांनी. या अभ्यासात भारतातली मुलं नव्हती. तरी दहावीच्या निकालादिवशी शेजारच्या काकूंचा फोन येण्याआधी ज्याच्या पोटात गोळा आला असेल, त्याला हा तिसरा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

ल्यूथरच्या बाबतीत ‘लोकां’च्या जागी देव होता, एवढाच फरक.

विजेच्या कडकडाटात दिलेला शब्द

1505 चा जुलै महिना. 21 वर्षांचा ल्यूथर कायद्याचा अभ्यास करत होता. वडिलांनी खाणीच्या धंद्यात पैसा मिळवला होता आणि पोराने वकील व्हावं ही त्यांची इच्छा होती. घरून एर्फुर्टला परत येताना श्टोटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळाने गाठलं. वीज अगदी जवळ पडली. घाबरून त्याने संत ॲनचा धावा केला आणि वाचलो तर संन्यासी होईन असा शब्द दिला. दोन आठवड्यांत तो मठात दाखल झाला. वडील प्रचंड भडकले.

म्हणजे सुरुवातच भीतीपासून झाली. त्याच्या मनातला देव हा न्यायाधीश होता. पै-पैचा हिशोब ठेवणारा. त्याच्यासमोर उभं राहायचं तर वही कोरी हवी. पण वही कोरी आहे की नाही हे तपासायला जावं तर प्रत्येक पानावर काहीतरी सापडतंच. बरं, जी पापं आठवतच नाहीत त्यांचं काय? हा प्रश्न त्याला झोपू देत नसे. 1507 मध्ये त्याने धर्मगुरू म्हणून पहिली मिस्सा अर्पण केली, तेव्हा देवासमोर उभं राहायच्या भीतीने तो वेदीजवळच थरथरला होता.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. ज्या देवाला खूश करण्यासाठी एवढं चाललं होतं, त्या देवाचाच त्याला राग येऊ लागला. 1545 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने हे लेखी कबूल केलंय. माझ्या मते संपूर्ण कहाणीतली सगळ्यात प्रामाणिक जागा हीच. ज्याच्या शाबासकीसाठी आपण जिवाचं रान करतो, मग तो बाप असो, बॉस असो की फॉलोअर, त्याच्याबद्दल आत कुठेतरी कडवटपणा साचत जातो. पण हे सहसा कुणी बोलत नाही.

निकालाआधीच पेढे

श्टाउपिट्झनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, स्वतःच्या आत सारखं डोकावणं थांबव आणि क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे बघ, असं ते त्याला सांगत राहिले. दुसरी गोष्ट जास्त व्यवहारी होती. त्यांनी त्याला कामाला लावलं. विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवायचं काम. ल्यूथर म्हणाला, हा भार माझा जीव घेईल. त्यावर श्टाउपिट्झ गमतीने म्हणाले की हरकत नाही, स्वर्गातही देवाला हुशार माणसं लागतातच. 1512 मध्ये ल्यूथर डॉक्टर झाला आणि शिकवू लागला. आधी स्तोत्रं, मग संत पौलाचं रोमकरांस पत्र.

त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो अडकला. तिथे ‘देवाचं नीतिमत्त्व’ असे शब्द आहेत. ल्यूथर त्याचा अर्थ घ्यायचा तो असा: देव नीतिमान आहे, म्हणून पाप्याला शिक्षा करतो. हे शब्द वाचले की त्याच्या अंगावर काटा यायचा. पुढे-मागे वाचताना एक दिवस त्याच्या लक्षात आलं की पौल शिक्षेबद्दल बोलतच नाहीये. हे नीतिमत्त्व देव माणसाकडे मागत नाही, तो ते देऊन टाकतो. विश्वास ठेवणाऱ्याला, फुकट. हे नेमकं कोणत्या साली घडलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण आपण नव्याने जन्मलो आणि उघड्या दारातून स्वर्गात शिरलो असं तेव्हा वाटलं, असं त्याने नंतर लिहिलं.

ख्रिस्ती धर्मात याला ‘कृपा’ म्हणतात. आपल्याकडे कृपा हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यातला धक्का जाणवत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ.

दहावीचा निकाल लागतो, चांगले मार्क पडतात आणि मग आई पेढे वाटते. हा जगाचा नियम. आता कल्पना करा की परीक्षेला जायच्या आधीच आईने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. पेपर कसे जातील हे तिला माहीत नाही. कदाचित वाईट जातील. तरी पेढे वाटून झालेत, ते काही परत घेता येत नाहीत. मुलाला पेपर लिहायचाच आहे. पण आता तो हात थरथरत लिहिणार नाही.

ल्यूथरचं म्हणणं थोडक्यात हेच. आधी स्वीकार, मग काम. परफेक्शनिस्ट माणसाच्या डोक्यात हा क्रम उलटा बसलेला असतो. आणि ‘माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही’ हे त्याचं प्रसिद्ध सूत्र याच विचारातून आलं. आपला स्वीकार झालाय आणि आपण अर्धवटही आहोत. दोन्ही एकाच वेळी खरं. परफेक्शनिस्टाला नेमकं हेच झेपत नाही.

पण येशू तर ‘परिपूर्ण व्हा’ म्हणाला होता ना?

हा प्रश्न रास्त आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायाच्या अगदी शेवटी, स्वर्गातल्या पित्यासारखे परिपूर्ण व्हा, अशा अर्थाचं वचन आहे. कितीतरी ख्रिस्ती मुलं याच वाक्याच्या ओझ्याखाली मोठी झालीत.

इथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘तेलेइओस’. त्याचा अर्थ एकही डाग नसलेला असा नाही. पूर्ण वाढ झालेला, प्रौढ, ज्या हेतूसाठी आहे तिथवर पोचलेला, असा तो शब्द आहे. आणि हे वाक्य येतं कुठे? शत्रूवरही प्रेम करा, देव चांगल्या-वाईट सगळ्यांवर सारखाच सूर्य उगवतो, हे सांगून झाल्यावर. म्हणजे विषय प्रेमात हातचं न राखण्याचा आहे, अचूकतेचा नाही. लूकच्या शुभवर्तमानात हीच शिकवण येते, तेव्हा त्याच जागी ‘परिपूर्ण’ऐवजी ‘दयाळू’ असा शब्द आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की बराच उलगडा होतो.

आणि खुद्द पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात, मी अजून तिथे पोचलेलो नाही, असं सरळ कबूल केलंय.

समोरच्या गोटातही तोच आजार

यातून कुणाला वाटेल की हा सगळा प्रॉटेस्टंट मामला आहे. तसं नाही. ल्यूथरच्या बंडाला पुढे ज्या जेझुइट संघाने सगळ्यात हुशार उत्तर दिलं, त्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच खड्ड्यात पडला होता.

इग्नेशियस हा स्पेनमधला सरदार घराण्यातला लढवय्या. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. अंथरुणात पडून संतांची चरित्रं वाचली आणि आयुष्य बदललं. 1522 मध्ये मोंतसेरातच्या मठात त्याने आयुष्यभराची पापं लिहून काढून तीन दिवस कबुली दिली. एवढ्यावर भागायला हवं होतं. पण पुढे मानरेसा गावात राहताना शंका सुरू झाल्या. ते सांगायचं राहिलं का? हे नीट सांगितलं का?

धर्मगुरूने त्याला सांगितलं की, जुनं काही पुन्हा कबूल करू नकोस, अगदी स्पष्ट दिसत असेल तरच कर. आता गंमत बघा. इग्नेशियसला सगळंच स्पष्ट दिसत होतं! सल्ल्यानेही त्रास वाढला. वेळ अशी आली की खोलीतल्या भोकातून उडी मारून जीव द्यावा असं त्याच्या मनात येऊ लागलं. मग देव सोडवेपर्यंत जेवणार नाही म्हणून त्याने आठवडाभर काहीच खाल्लं नाही. हे कळल्यावर धर्मगुरूने उपास सोडायची आज्ञा केली. त्याने ती पाळली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पापांची माळ परत सुरू. तेव्हा मात्र त्याने ओळखलं की हे जे काही ढकलतंय ते देवाकडून आलेलं नाही. जुनी पापं पुन्हा कधीच कबूल करायची नाहीत असं त्याने ठरवलं आणि ते पाळलं.

अशा सततच्या शंकेला इंग्रजीत ‘स्क्रूपल’ म्हणतात. लॅटिनमधल्या ‘स्क्रुपुलुस’वरून आलेला हा शब्द, अर्थ टोकदार खडा. चपलेत अडकलेला खडा केवढासा असतो, पण तो माणसाला चालू देत नाही.

इग्नेशियसने नंतर ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात या खड्यांवर वेगळी टिपणं लिहिली. त्यातला एक सल्ला फार कामाचा आहे. तुमचं मन मुळातच हळवं असेल तर सैतान तुम्हाला वाईटाकडे ओढत नाही, तो तुम्हाला आणखी हळवं करतो. म्हणून अशा माणसाने मुद्दाम उलट्या दिशेने जावं. दुसरा सल्ला सोशल मीडियावाल्यांसाठीच लिहिला असावा. काहीतरी चांगलं बोलायला निघालात आणि ‘हे मी दिखाव्यासाठी करतोय का?’ असा विचार आला, तर? सुरुवात त्या विचारासाठी केली नव्हती, मग त्याच्यासाठी थांबूही नका.

याच इग्नेशियसचा जिवलग सहकारी फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्याला उतरला. तो रस्ता आपल्यापर्यंत असा येतो.

केडगावच्या रमाबाई

मराठी माणसाला मात्र हा विषय पंडिता रमाबाईंकडून समजून घेणं जास्त जवळचं वाटेल. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. काम धडाक्यात चालू होतं. पण 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त काही मिळालेला नाही.

रमाबाईंना परफेक्शनिस्ट म्हणायचं नाहीये. पण बघा, लहानपणी आईवडिलांसोबत तीर्थयात्रा, पुराणपठण, दानधर्म, उपास सगळं करून झालं होतं. 1874 च्या सुमारास दुष्काळाने आईवडील आणि बहीण गेली. नंतर धर्म बदलला, पण योग्य गोष्टी योग्य रीतीने करण्याचा ताण तोच राहिला असावा. स्वतःचं बळ संपलं हे मान्य करून स्वतःला सोपवून दिल्यावरच शांती मिळाली, असं त्या लिहितात. धर्म बदलला की हा आजार आपोआप जात नाही, हे त्यांच्या इतकं स्वच्छ फार कमी जणांनी सांगितलंय.

रोजच्या जगण्यात याचं काय करायचं?

येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. मालक परगावी जाताना तीन नोकरांकडे पैसे देऊन जातो. दोघे ते व्यवहारात लावून दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. का? तर मालक कडक आहे, चुकलं तर काय, ही भीती. त्याने एक पैही गमावली नाही, हिशोब अगदी चोख. तरी बोलणी त्यालाच बसतात. ड्राफ्टमध्ये पडून असलेले लेख, ‘अजून तयारी झाली नाही’ म्हणून न भरलेले फॉर्म, हे सगळे तिसऱ्या नोकराचे खड्डे आहेत.

ख्रिस्ती परंपरेत दोन सवयी यावर थेट काम करतात. एक म्हणजे आठवड्यातून एक दिवस काम थांबवणं. यात मेख अशी की काम संपलं म्हणून थांबायचं नसतं, रविवार आला म्हणून थांबायचं असतं. अर्धवट काम तसंच टेबलावर सोडून उठायचं. परफेक्शनिस्टाने हे एकदा करून बघावं, घाम फुटतो. दुसरी सवय इग्नेशियसची: रात्री दिवसाकडे वळून बघणं. पण त्याने पहिली पायरी चुका मोजण्याची ठेवली नाही, आभार मानण्याची ठेवली. चुकांचा नंबर नंतर येतो.

आणि तिसरं, जे ल्यूथर आणि इग्नेशियस दोघांच्याही बाबतीत घडलं. दोघांनाही दुसऱ्या माणसाचा आवाज लागला. स्वतःच आरोपी, स्वतःच वकील आणि स्वतःच न्यायाधीश असलेल्या खटल्याचा निकाल कधीच लागत नाही. ‘बस झालं, आता जेव’ असं म्हणणारं कुणीतरी बाहेरचं हवं.

आता नाण्याची दुसरी बाजू. श्रद्धा हा आजार बरा करते तसा तो वाढवतेही. प्रत्येक आजारपणाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणणारे, प्रार्थनेचेही मार्क देणारे लोक चर्चमध्ये असतात. आणि पापाचे, अशुद्धतेचे विचार थांबतच नसतील, तीच प्रार्थना ‘नीट’ होईपर्यंत वीस वेळा म्हणावी लागत असेल, तर तो ओसीडीचा म्हणजे मंत्रचळाचा प्रकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही न थांबता कुणाला तरी सांगा. भारत सरकारची ‘टेली मानस’ ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालू असते.

ल्यूथरही एकदाच बरा होऊन मोकळा झाला नाही. 1527 मध्ये तो पुन्हा खोल निराशेत गेला होता. शिवाय तो संतही नव्हता. म्हातारपणी ज्यूंविरुद्ध त्याने जे विष ओकलं ते वाचवत नाही.

पण एक गोष्ट मात्र बदलली होती, ती त्याच्या कामात दिसते. 1521 च्या डिसेंबरात, वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहत असताना, त्याने नवा करार जर्मनमध्ये आणायला घेतला आणि अवघ्या अकरा आठवड्यांत कच्चा खर्डा पुरा केला. 1522 च्या सप्टेंबरमध्ये तो छापूनही आला. सहा तास पापं मोजणाऱ्या त्या तरुणाला हे जमलं असतं का? आणि तरी दर्जा सोडलेला नव्हता. जुन्या कराराच्या वेळी एकेका शब्दासाठी तीन-तीन, चार-चार आठवडे शोधाशोध केली, ईयोबाच्या पुस्तकात तर चार दिवसांत जेमतेम तीन ओळी झाल्या, असं त्याने 1530 मध्ये लिहिलंय. संपूर्ण बायबल 1534 मध्ये निघालं. त्यानंतरही तो मित्रांना घेऊन बसायचा आणि दुरुस्त्या करायचा.

रमाबाईंनीही केडगावला हेच काम हाती घेतलं होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या त्यावर काम करत होत्या.

ल्यूथर 18 फेब्रुवारी 1546 रोजी आइसलेबेन या आपल्या जन्मगावी वारला. त्याने दोन दिवस आधी लिहिलेली एक चिठ्ठी सापडली. बायबल आपल्याला पुरतं कळलं असं कुणी समजू नये, असं त्यात होतं. आयुष्यभर तेच पुस्तक शिकवलेल्या माणसाने शेवटी स्वतःला भिकाऱ्यांत मोजलं होतं, अर्धं वाक्य जर्मनमध्ये आणि अर्धं लॅटिनमध्ये.